हिवाळी हिमालयात निघालेली पोरं आणि हिमस्खलन: घरच्यांनी काय विचारावं?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावातल्या गल्लीतली पोरं जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघालीत, माझा पुतण्या त्यातलाच. सगळी कॉलेजातली, दमाला चांगली. पारगड, कलानिधीगड, महिपाळगड, पावसाळ्यात कणकुंबीकडची भटकंती, हे सगळं झालेलं आहे. बर्फावर मात्र एकानंही पाय ठेवलेला नाही.

उत्तराखंडातल्या माणाच्या हिमस्खलनाच्या बातम्या टीव्हीवर पाहिल्यापासून वहिनी म्हणते, पैसे बुडाले तरी चालतील, जायचं नाही. दादा म्हणतो, हजारो लोक जातात, यांनाच काय होतंय. पोरांनी जावं असं मला मनापासून वाटतं, पण दादाचं बोलणं काही उत्तर नव्हे. तर तिथं हिमस्खलनाचा धोका खरोखर किती, कुठं आणि कधी असतो? आणि आयोजकाला फोनवर नेमकं काय विचारलं म्हणजे माणूस जाणता आहे की नुसता पैसे गोळा करणारा, ते कळेल? इथं फौजेतले, ट्रेकवाले, डॉक्टर बरेच आहेत म्हणून विचारतोय.

अनगोळकर
जाऊ देत की ओ. जुलैत आंबोलीच्या धबधब्याखाली तासभर भिजून वर आइस्क्रीम खाणारी पोरं ही. बर्फच घाबरेल त्यांना.

टिळकवाडी_मधुरा
अनगोळकर, हसले. पण आंबोलीत गारठलं तर दहा मिनिटांत गाडीत बसून चहा मिळतो, तिकडं तसं नाही.

मी केदारकंठा आणि ब्रह्मताल दोन्ही हिवाळ्यात केलेत. केदारकंठाला पायथ्याच्या सांक्री गावाहून जुडा का तालाबपर्यंत आणि पुढेही बराच वेळ वाट जंगलातून जाते. दाट, जुनी झाडं असलेल्या उतारावर बर्फाचा मोठा थर सहसा एकदम सुटत नाही. शेवटच्या मुक्कामानंतर झाडं संपतात आणि उघडा उतार सुरू होतो. तो पहाटे अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून चढायचा. सुट्टीच्या दिवसांत तिथं मुंगीच्या रांगेसारखी माणसं असतात. पुढच्याच्या बुटाला लावलेले लोखंडी दाते तुमच्या डोळ्यांसमोर आणि मागून कुणीतरी "चला, सूर्योदय चुकेल" म्हणतंय. हवा स्थिर असेल तर हा मार्ग हिवाळी ट्रेकमध्ये सौम्य समजतात आणि ते खरंही आहे. पण मोठा बर्फ पडून गेल्यावरचे पहिले एक-दोन दिवस असतील तर तोच उतार मला नको.

एक बारीक गोष्ट पोरांना सांगा. पाण्याची बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे उलटी ठेवली की झाकणापाशी पाणी राहतं. सरळ ठेवली तर सकाळी झाकणच फिरत नाही.

निपाणीकर
चमोलीला २०२१ मध्ये दोनशे माणसं गेली, वीजप्रकल्पासकट. ते विसरलात का सगळे? माझं मत स्पष्ट आहे. मे महिन्यात जा, फुलं बघा, परत या. बर्फात जायची हौस कशाला?

खानापूर_भूगोल
निपाणीकर, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराच्या कड्याचा प्रचंड भाग, खडक आणि वरच्या हिमनदीचा बर्फ असा एकत्र तुटून दरीत आला. ऋषिगंगा आणि तपोवनचे प्रकल्प त्या लोंढ्यात गेले. दोनशेहून अधिक माणसं गेली हे खरं, पण ट्रेकवाल्याला ज्याची चिंता करायची ते हे नव्हे.

माणाचं प्रकरण चिंतेच्या जवळचं आहे. २८ फेब्रुवारी २०२५, रस्त्याचं काम करणाऱ्या ५४ कामगारांची छावणी. सतत पडत असलेला बर्फ वरच्या उतारावरून सुटला आणि थेट छावणीवर आला. ४६ जण वाचले, ८ गेले. बरेचसे लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून वाचले. त्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या दिवशीच निघालेला होता. ती माणसं तिथं कामाला होती, उठून जाणं त्यांच्या हातात नव्हतं. आपली पोरं हौसेनं जाणार, त्यांच्या हातात सगळं आहे.

आता उताराबद्दल. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा धरून राहतो, फार खडा असेल तर साठायच्या आतच थोडाथोडा गळत राहतो. आपण चोर्ला घाटातल्या दरडींचा हिशेब जाणतो: पाऊस लागून राहिला, माती पाणी प्यायली की डोंगर खाली येतो, आणि ऊन पडलं की आपण निर्धास्त होतो. हा हिशेब तिकडं लावू नका. बर्फ थांबून, आभाळ निळंशार झाल्यावर, लख्ख उन्हात उतार सुटतो आणि लोक नेमके त्याच दिवशी खूश होऊन बाहेर पडतात. शिवाय ज्यांत माणसं सापडतात अशा दर दहांपैकी सुमारे नऊ हिमस्खलनांत तो थर त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानं सुटलेला असतो.

आणि मे महिना म्हणाल तर सिक्कीममधल्या नथू ला खिंडीच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले ते ४ एप्रिल २०२३ ला. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणारी तुकडी सापडली ती ४ ऑक्टोबर २०२२ ला, २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ताच लागला नाही. ही मंडळी सराव केलेली, सोबत प्रशिक्षक होते. बर्फ जिथं आहे तिथं वर्षभर हा प्रश्न आहे.

निपाणीकर
बरं, पटलं. म्हणजे मी वहिनींच्या बाजूला.

माजी_सुभेदार_चंदगड
राम राम मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली, त्यातला बराच काळ बर्फावर. म्हणून सांगालोय, वहिनींनी घाबरणं बरोबर आहे आणि पोरांनी जाणंही बरोबर आहे. मधलं शिकून घ्यायचं.

बर्फ थराथरानं बसतो. थोडा बर्फ पडून नंतर बरेच दिवस कोरडी कडक थंडी राहिली की खालच्या थराचे दाणे मोठे आणि सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. हातात घेतले तर बोटांतून गळून जातात, गोळा होत नाही. त्याच्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्यानं दाबला, की वर घट्ट फळी तयार होते आणि खाली पाया कच्चा. वरून बघणाऱ्याला सगळं पांढरं आणि टणक दिसतं. माणूस मधोमध गेला की फळी तडकते आणि अख्खी सुटते. म्हणून फौजेत खड्डा खणून थर बघायला शिकवतात.

खुणा सांगतो. समोरच्या किंवा शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसलं तर दुसरा पुरावा मागायचा नाही, त्याच दिशेला तोंड असलेल्या कुठल्याच उतारावर जायचं नाही. पायाखालून 'धप्' असा दबका आवाज आला आणि बर्फ किंचित खचला, किंवा पायापासून लांबवर भेग पळाली, तर आल्या पावली मागं. एका दिवसात फूटभर नवीन बर्फ पडला असेल तर थांबा. एकदम उबदार झालं, झाडांवरून बर्फाचे गोळे पडायला लागले, तरी थांबा. आणि वारा बघा, हे पोरं विसरतात. वारा एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो. वरून एक कण पडत नसताना पलीकडचा उतार भरत असतो. धारेवर त्याचा छज्जा बनतो, खाली आधार काही नसतो. त्याच्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही.

जावंच लागलं तर एकेकानं ओलांडायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावरून नजर हलवायची नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, काठीच्या दोऱ्या मनगटातून काढायच्या. सापडलात तर ओरडा, बाजूला सरका, सॅक नि काठ्या टाका, आणि थांबायच्या आत दोन्ही हात तोंडापुढं आणून श्वासाला पोकळी करा. थांबल्यावर बर्फ असा आवळतो की बोट हलत नाही.

बाहेरच्यांनी तो शेवटचा कुठं दिसला ती जागा धरून लगेच खाली शोधायचं. दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुतेक वाचतात. अर्ध्या तासाच्या पुढं तिघांत एखादा. हेलिकॉप्टरला तितका वेळ नुसतं निघायलाच लागतो, त्यामुळे वाचवणारे म्हणजे सोबतची माणसं, दुसरं कोणी नाही.

धारवाडचा_पाटील
सुभेदार साहेब, सलाम. आमच्या कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद यांची आठवण झाली. ३ फेब्रुवारी २०१६, सियाचीनची सोनम चौकी, १९,६०० फूट. दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी हनुमंतप्पा जिवंत सापडले, ११ तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात गेले. तो आठवडा आमच्या भागात कन्नड काय, मराठी काय, प्रत्येक घरात टीव्ही चालू होता. आमच्या शेजारच्या आजी रोज मारुतीला तेल घालून यायच्या.

माजी_सुभेदार_चंदगड
त्यांना माझा नमस्कार. पाटील, दहांत आपल्या साताऱ्याचाही एक होता. पण पोरांनी यातून "सहा दिवसांनीही वाचतो" असं घेऊ नये. ते तंबूच्या आत होते, वर पोकळी राहिली असणार. उघड्यावर सापडलेल्याचं गणित मिनिटांचंच.

हिंदवाडी_इलेक्ट्रॉनिक्स
ते अंगावर बांधायचं ट्रान्समीटर मिळतं ना? ते घेतलं की प्रश्न मिटला.

टिळकवाडी_मधुरा
मिटत नाही. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतं आणि शोधताना तेच ऐकायला वापरतात. पण गटातल्या प्रत्येकाच्या अंगावर हवं, चालू हवं आणि वापरायचा सराव हवा. सोबत टोचून बघायची लांब घडीची सळई आणि फावडं नसेल तर माणूस कुठं आहे ते कळूनही हातानं किती उकरणार? बर्फ सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो. आपल्याकडच्या लोकप्रिय ट्रेकवर ही तिन्ही साधनं सगळ्यांकडे क्वचितच दिसतात. म्हणून शंकेच्या उतारावर जायचंच नाही, हा आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग.

वडगाव_वैशाली
वाचून धडधडायला लागलं. माझा मुलगा मागं जाऊन आला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, मी आपली डबे भरत होते. शेंगदाण्याची चटणी उत्तम टिकली. बेसनाचे लाडू इतके कडक झाले की त्यानं सुरीच्या मुठीनं फोडून सगळ्या तंबूला वाटले. कुंदा नेऊ नका, तुपाचा दगड होतो.

अनगोळकर
कुंदा गोवा एक्सप्रेसमध्येच संपवायचा असतो. पुण्याच्या पुढं गेलेला कुंदा मी तरी बघितलेला नाही.

कॅम्प_डॉक्टर
चर्चा चांगली आहे, पण सगळी हिमस्खलनावर चाललीय म्हणून लिहितो. पोरांना जास्त शक्यता थंडीनं गाठण्याची आहे. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल मार्गावर आपल्या कर्नाटकातली मंडळी वादळात सापडली. २२ जणांच्या गटातले ९ गेले. तिथं हिमस्खलन नव्हतं. वारा, बर्फाचा मारा, समोरचं दिसेना, उघड्यावर रात्र. आणि महिना जून.

आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, केदारकंठा साडेबारा हजारांवर. नुसत्या उंचीनं वीसेक अंशांचा फरक पडतो, वर तो भाग उत्तरेला. त्यात उणे दहा तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. सुती बनियन, जीन्स घरी ठेवा. घामानं भिजलेलं सुती कापड अंगावर राहणं म्हणजे थंडीला निमंत्रण. लोकर किंवा सिंथेटिक आत, वर ऊब, त्याच्यावर वारा अडवणारं.

एखादा कुडकुडतोय, बोलताना अडखळतोय, चालताना लडबडतोय, हातमोजे काढून टाकतोय, तर तो "थकलाय" म्हणून सोडू नका. कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय, आणि खाली न्यायची तयारी. कुडकुडणं आपोआप थांबून गप्प झाला तर ती फार वाईट खूण. बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, शेकोटीवर धरू नका. पुन्हा गोठायची भीती नसेल अशा ठिकाणी पोचल्यावरच सदतीस-अडतीस अंशांच्या पाण्यात. आणि रम ऊब देते हा समज इथं कुणाचा असेल तर सोडा. कातडीकडं रक्त जातं, गरम वाटतं, आतली ऊब निघून जाते.

डोकेदुखी आणि मळमळ चालू असताना वर चढायचं नाही, बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये, आधी येऊन भेटा.

गणेशपूर_ट्रेकर
मला एक वेगळं म्हणायचंय. एवढं सगळं पोरांच्या डोक्यात कशाला घालायचं? तिथले स्थानिक गाइड लहानपणापासून बर्फात वाढलेत. गाइड म्हणेल ते ऐकायचं, संपलं.

टिळकवाडी_मधुरा
गाइडचं ज्ञान खरंच मोठं असतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यावर दबाव कुणाचा असतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्रह्मतालला शेजारच्या गटाचा गाइड सकाळी उताराकडं बघून "आज नहीं जाएंगे" म्हणाला, तर पाच-सहा जणांनी त्याला घेरलं. सुट्टी घेऊन आलोय, पैसे भरलेत, बाकीचे जातायत, आयोजकाला फोन लाव. तो तिशीच्या आतला मुलगा मान खाली घालून उभा होता. शेवटी निघाला. काही झालं नाही, सगळे हसत परत आले आणि पुढच्या वेळी तो मुलगा "नाही" म्हणायला आणखी कचरणार. मला त्या दिवसाचा राग अजून आहे. गणेशपूर, गाइडचं ऐकायचं हे कबूल, पण तो नाही म्हणाला तर ऐकणारे आपण हवेत ना.

गणेशपूर_ट्रेकर
हे मान्य. मी "हो" ऐकण्याबद्दल बोलत होतो, "नाही" ऐकण्याचं लक्षात आलं नव्हतं.

खानापूर_भूगोल
हवामानाचं लिहायचं राहिलं. तिकडं हिवाळ्यातला बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे विक्षोभ. ते येणार हे हवामान खातं काही दिवस आधी सांगतं. हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, काढते. पूर्वी मनालीला सासे नावाची संस्था होती, तीच २०२० मध्ये यात विलीन झाली. जिल्हा आणि उंचीनुसार पाच पातळ्यांत धोका देतात. लोक चौथ्या-पाचव्या पातळीला घरी बसतात. युरोपातला अनुभव असा की सगळ्यात जास्त माणसं तिसऱ्या पातळीला जातात, कारण तेव्हा डोंगर बरा दिसतो. हा इशारा मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या उताराचं उत्तर त्यात नसतं.

शहापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या लिखाणावरून प्रश्न काढून फोन केले.

पहिल्या आयोजकाला विचारलं, शिखराच्या दिवशी जायचं की नाही हे कोण ठरवतं? म्हणाला, "सर, शंभर टक्के समिट करवतो." जादा दिवस ठेवलाय का? नाही. मोठा बर्फ पडला तर? "तेव्हाच तर मजा येते." तिथंच फोन ठेवला.

दुसरा सांक्रीकडचाच. त्यानं आधी मलाच विचारलं, पोरांपैकी कुणाला दमा आहे का, बूट कुठले आहेत. निर्णय गाइडचा, आणि मागं फिरलं तर त्या गाइडचा पगार कापला जात नाही, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. एक दिवस राखीव ठेवतो म्हणाला. ऑक्सिजन सिलिंडर, स्ट्रेचर, गोविंद पशुविहारचा वनखात्याचा परवाना, सगळ्याची नीट उत्तरं दिली. ट्रान्समीटर नाहीत हेही लपवलं नाही. म्हणाला, म्हणूनच बर्फ पडून गेल्यावर आम्ही वरच्या उतारावर दोन दिवस जात नाही, खालच्या जंगलात फिरवतो.

पोरांना घेऊन बसलो. गाइड थांबा म्हणाला तर एकानंही तोंड उघडायचं नाही, असं सगळ्यांनी वहिनीसमोर कबूल केलं. वहिनी पूर्ण तयार नाही, पण तिनं डॉक्टरांची वेळ घेतलीय, म्हणजे नकार सैल झालाय. पहिल्याकडं भरलेली आगाऊ रक्कम बहुधा गेली. दादा चिडलाय. चिडू दे.

निपाणीकर
पैसे गेले तर गेले. गॉगलचं कुणी लिहिलं नाही अजून. साधा चालतो का?

कॅम्प_डॉक्टर
बरं विचारलंत. फॅशनचा नको. अतिनील किरण पूर्ण अडवणारा, बाजूनं बंद असलेला हवा. बर्फ ऊन परत फेकतो, ढगाळ दिवशीही. डोळ्यांत त्या दिवशी काही कळत नाही, रात्री वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. गटात एक जोडी जादा ठेवा, कुणाचा तरी हमखास पडतो.

माजी_सुभेदार_चंदगड
शहापूरकर, रविवारी सकाळी पोरांना राजहंसगडावर घेऊन या. उताराचा कोन फोनवर कसा मोजायचा ते दाखवतो, डोळ्याला पस्तीस अंश किती दिसतात ते एकदा कळायला पाहिजे. बहुतेक जण कमी धरतात. आणि एकेकानं ओलांडायची शिस्त तिथंच घोटून घेऊ.

शहापूरकर
साहेब, आणतो. किती वाजता?

माजी_सुभेदार_चंदगड
सहाला पायथ्याशी. पाठीवर आठ किलो, अंगात सुती काही नको. गणेशपूर_ट्रेकर, तुम्हीही या.

गणेशपूर_ट्रेकर
येतो.